दृष्टिपटल आणि साखर

मधुमेह्याच्या लघवींत गोडी असते, ही गोष्ट आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. अशा रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, असें चरकसंहितेंत नमूद आहे. युरोपांत १६७४ सालीं थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें ती गोडी लिहून ठेवली. १७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सन यानें मूत्र आटवून त्यांतून साखर काढून दाखविली आणि रोग्याच्या रक्ताचा पाण्यासारखा भागही गोड लागतो असें सांगितलें. म्हणजे साखर लघवींत आहे व रक्तांतही आहे, एवढें ज्ञान अठराव्या शतकाच्या अखेरीपूर्वींच वैद्यांच्या हातीं आलें होतें. परंतु हीच साखर माणसाची दृष्टि कशी हिरावून घेते हें कळावयास पुढें आणखी दोन शतकें लागलीं. त्यांतलीं शेवटचीं सत्तर वर्षें तर अशीं गेलीं कीं, औषध हातांत होतें, पण तें किती काटेकोरपणें द्यावें याविषयीं पंडितांचें एकमत होईना. आणि तोंवर रोगी आंधळे होत राहिले.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आंत पाहण्याची सोयच मुळीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. बाहुली काळी दिसते याचें कारण असें कीं, आंत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेंच परत फिरतो, आणि त्या वाटेवर पाहणाराचें डोकें आडवें आलें म्हणजे प्रकाशच अडतो. कोनिग्जबर्गच्या विद्यापीठांतील हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या तरुण प्राध्यापकानें कांचेच्या तिरप्या पट्ट्यांवरून प्रकाश डोळ्यांत सोडून त्याच पट्ट्यांतून आरपार पाहण्याची युक्ति काढली व १८५१ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. या नेत्रदर्शक यंत्रानें दृष्टिपटल प्रथमच उघडें पडलें. दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीला आंतून लागलेला, सुमारें पाव मिलिमीटर जाडीचा पडदा. बाहेरच्या वस्तूंची प्रतिमा पडते ती याच्यावर, आणि प्रकाशाचें मज्जासंदेशांत रूपांतर करणाऱ्या शलाकापेशी व शंकुपेशी याच्यांतच. शरीरांतील रक्तवाहिन्या शस्त्र न लावतां इतक्या स्पष्ट दिसाव्यात, असें दुसरें स्थान नाहीं.

व्हिएन्ना येथील एडुआर्ड येगर हा या यंत्रानें तासन्‌तास डोळे पाही आणि जें दिसे त्याचीं रंगीत चित्रें स्वतःच्या हातानें काढी. १८५५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें एका मधुमेह्याच्या दृष्टिपटलावरील पिवळसर डाग व रक्तस्राव दाखविले. तेव्हां नेत्रवैद्यकांत ज्याचा शब्द प्रमाण मानला जाई, त्या बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यानें मात्र स्पष्ट सांगितलें कीं, मधुमेहामुळेंच हें झालें याला पुरावा नाहीं. ग्रेफचा आक्षेप हटवादीपणाचा म्हणतां येणार नाहीं. वयस्क मधुमेह्याला रक्तदाब असतो, मूत्रपिंडाचा विकार असतो, रोहिण्या कठीण झालेल्या असतात. आणि या प्रत्येकानें दृष्टिपटलावर रक्त सांडूं शकतें. पुढें १८७२ सालीं लंडनच्या एडवर्ड नेटलशिपनें मृत रोग्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून येगरच्या बाजूनें पुरावा दिला, १८७६ सालीं जर्मनींतील मान्ट्झनें दृष्टिपटलावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांचें जाळें वाढून तें पटल ओढून सोडवितें हें दाखविलें, आणि १८९० सालीं हिर्शबर्गनें या विकाराचे प्रकार पाडले. तरीही १९३० पर्यंत अनेक नामांकित डॉक्टर हा रोहिण्यांच्या काठिण्याचाच परिणाम समजत असत.

याचें एक कारण अत्यंत दुःखद आहे. ज्या मुलांना व तरुणांना मधुमेह जडे, तीं आंधळीं होण्याइतकीं जगतच नसत. त्या काळीं अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धति रूढ होती. तिनें मूल कांहीं महिने किंवा एखाददोन वर्षें टिके, पण हाडांचा सांपळा होऊन. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांच्या परिश्रमानें इन्शुलिन सिद्ध झालें. ११ जानेवारीस लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास दिलेलें पहिलें टोंचण अशुद्ध असल्यानें फारसें लागू पडलें नाहीं; कॉलिपनें शुद्ध केलेलें औषध २३ जानेवारीस दिलें, आणि मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. मृत्युपंथाला लागलेलीं मुलें उठून बसलीं. मधुमेह जिंकला, असें जगाला वाटलें, आणि कांहीं वर्षें तें खरेंही होतें. मग त्याच मुलांना पंधरा-वीस वर्षें लोटलीं, आणि ऐन पंचविशी-तिशींत त्यांच्या डोळ्यांपुढें काळे ठिपके तरंगूं लागले. या तरुणांच्या रोहिण्या म्हातारपणानें कठीण झालेल्या नव्हत्या. ग्रेफचा आक्षेप त्यांच्या बाबतींत लागू पडत नव्हता.

नेत्रवैद्य असे चांचपडत असतां दृष्टिपटलाचें एक विलक्षण रहस्य भलत्याच ठिकाणीं उघडकीस आलें होतें. बर्लिनच्या डालेम भागांतील प्रयोगशाळेंत ओट्टो वारबुर्ग हा शास्त्रज्ञ १९२० नंतरच्या दशकांत कर्करोगाच्या पेशी साखर कशी खातात हें मोजीत होता. सामान्य पेशीला प्राणवायु मिळाला म्हणजे ती द्राक्षशर्करेचें पूर्ण ज्वलन करते व पाणी आणि कार्बन डायॉक्साइड उरतो. प्राणवायु तुटला तरच ती साखर अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बनविते. कर्कपेशी मात्र प्राणवायु भरपूर असतांही लॅक्टिक आम्लच सोडीत राहते. तुलनेसाठीं वारबुर्गनें निरोगी प्राण्यांच्या अवयवांचे पातळ काप घेतले, आणि त्यांत उंदराचें दृष्टिपटलही घेतलें. तें मुळांतच इतकें पातळ कीं कापावें लागत नाहीं. आणि आश्चर्य असें कीं, या निरोगी पडद्यानेंही प्राणवायूच्या सान्निध्यांत कर्कपेशीसारखेंच लॅक्टिक आम्ल ओतलें! चुलीला वारा भरपूर असूनही लांकूड अर्धवटच जळावें, तसा हा प्रकार. स्वतः वारबुर्गला शंका आली कीं, डोळ्यांतून काढतांना पडद्याला इजा झाली असावी. त्याच प्रयोगशाळेंत पुढें हान्स क्रेब्ज यानें १९२७ सालीं दृष्टिपटलाच्या चयापचयावर स्वतंत्र निबंध लिहिला. हा क्रेब्ज म्हणजे पेशींतील सायट्रिक आम्लाचें चक्र १९३७ सालीं उलगडून दाखविणारा तोच.

ही इजा नव्हती, पडद्याचा तो धर्मच होता, हें नंतर निश्चित झालें. १९५१ च्या सुमारास वेर्नर नोएल यानें सशांना आयोडोॲसिटेट नांवाचें विष टोंचलें. हें विष साखर मोडण्याची वाटच बंद करतें. शरीराचे इतर अवयव तगले, पण डोळ्यांतल्या शलाकापेशी मेल्या. साखरेवर त्यांचा जीव किती अवलंबून आहे, याचा हा रोकडा पुरावा होय. एवढी साखर त्यांना कशाला लागते? एक तर अंधारांत शलाकापेशींत सोडियमचे विद्युत्‌भारित कण सतत आंत शिरत असतात व ते बाहेर उपसावे लागतात. विहिरीला झरा फुटलेला असावा आणि मोट क्षणभरही थांबूं नये, तशी ही उपसणी. दुसरें, शलाकापेशीचें टोंक रोज सुमारें एकदशांश झिजून टाकलें जातें व तितकेंच नवें बांधलें जातें. अर्धवट मोडलेल्या साखरेचे तुकडे त्या बांधकामाला उपयोगीं पडतात, असें आतां मानलें जातें. वजनाच्या मानानें पाहिल्यास दृष्टिपटलाचा प्राणवायूचा खप मेंदूपेक्षांही अधिक आहे.

असा हा साखरेचा भुकेला अवयव असेल, तर रक्तांत साखर वाढली म्हणून त्याचें बिघडावें कां? उलट त्याची चैनच व्हावी. येथें इन्शुलिनचें कार्य नीट समजून घेतलें पाहिजे. स्नायु आणि चरबी यांच्या पेशींना साखर आंत घेण्यास इन्शुलिनची परवानगी लागते. तें नसेल तर त्यांचीं दारें मिटलेलीं राहतात व रक्तांत साखर असूनही त्या उपाशी राहतात. दृष्टिपटलाची रीत निराळी. रक्त आणि दृष्टिपटल यांच्या सीमेवर जीं साखर वाहून नेणारीं द्वारें आहेत, तीं ग्लूट-१ या जातीचीं असून त्यांना इन्शुलिनची आज्ञा लागत नाहीं. रक्तांत साखर दुप्पट झाली कीं पडद्यांतही ती वाढते. येथील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना तर हीं द्वारें पुरेशीं बंद करतांच येत नाहींत. पेशीची भूक तेवढीच असते, पण वाढणाराचा हात थांबत नाहीं, आणि न मागितलेल्या अन्नाचें काय करावें हा प्रश्न पेशीपुढें पडतो. मधुमेहांत स्नायूंची उपासमार होते आणि डोळ्याला अजीर्ण होतें, असें म्हटल्यास वावगें ठरणार नाहीं.

मात्र हें सर्व कळण्यापूर्वीं व्यवहारांतला प्रश्न उभाच होता: साखर कडकपणें आटोक्यांत ठेवावी कीं नाहीं? बोस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन यांचा आग्रह असे कीं, रोग्यानें अन्न तोलून खावें, लघवी वारंवार तपासावी आणि तींत साखर येऊंच देऊं नये. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉल्स्टॉय यांनीं १९४० च्या दशकांत उलट मत मांडलें: वजन टिकून आहे, मूर्च्छेचें लक्षण नाहीं, रोगी कामधंदा करतो आहे, मग लघवींत साखर वाहिली म्हणून काय झालें? दोघेही विद्वान, दोघांनाही रोग्याची कळकळ. जॉस्लिन यांची पद्धति पाळणें म्हणजे रोज परीक्षेला बसणें होतें. शिवाय इन्शुलिन थोडें अधिक झालें तर रोगी घामाघूम होऊन बेशुद्ध पडे. आणि मोजण्याचें साधन तरी कोणतें? बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत लघवी उकळावयाची व रंग हिरवा, पिवळा कीं विटकरी झाला तें पाहावयाचें. त्यानें मागच्या कांहीं तासांत मूत्राशयांत काय सांचलें तेवढें कळे; वर्षांचा हिशेब कळत नसे. हिशेबच नसल्यामुळें निवाडा होण्याची शक्यता नव्हती.

दरम्यान ग्लासगो येथें बॅलन्टाइन आणि लोवेनस्टाइन यांनीं १९४३ सालीं दाखवून दिलें कीं, मधुमेह्याच्या दृष्टिपटलावर जे बारीक लाल ठिपके रक्तस्राव म्हणून समजले जात, त्यांतील पुष्कळसे वस्तुतः केशवाहिन्यांचे सूक्ष्म फुगवटे आहेत. सायकलच्या धांवेला कमजोर जागीं फोड यावा, तसे हे. त्या जागा कमजोर कां होतात, याचें उत्तर १९६१ सालीं बोस्टनमध्यें कोगन, टूसेंट व कुवाबारा यांनीं दिलें. त्यांची युक्ति साधी होती: पाचक रसांतील ट्रिप्सिनमध्यें पडदा ठेवला कीं बाकीचें सर्व विरघळून जातें आणि रक्तवाहिन्यांचें जाळें तेवढें, एखाद्या जाळीदार पिंपळपानासारखें, हातीं राहतें. केशवाहिनीला बाहेरून मिठी मारून आधार देणाऱ्या कांहीं पेशी असतात, त्यांना पेरिसाइट म्हणतात. मधुमेह्याच्या जाळ्यांत या आधारपेशींच्या जागीं रिकामीं घरटीं दिसत होतीं. आधार गेला म्हणून भिंत फुगली; पुढें आंतलें अस्तरही मेलें व ज्यांतून रक्त वाहत नाहीं अशा रित्या नळ्या उरल्या.

आजारामागील कारणाचा शोध असा चालला असतां उपचार मात्र कधीं कधीं भलत्या वाटेनें गेले. १९५३ सालीं डेन्मार्कच्या पोल्सन यांनीं एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिची मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथि निकामी झाली, आणि तिच्या डोळ्यांतील मधुमेहाचा विकार मागें हटला. एवढ्या आधारावर पुढील वीसेक वर्षें अनेक देशांत डोळे वांचविण्यासाठीं ती ग्रंथि कापून काढण्यांत आली. कांहींची दृष्टि राहिली. पण त्यासाठीं दिलेली किंमत पाहतां हा अध्याय लवकर मिटला हें बरें झालें.

दुसरी वाट अधिक शास्त्रशुद्ध होती. १९५९ सालीं ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन यांना मधुमेही उंदरांच्या नेत्रमण्यांत सॉर्बिटॉल नांवाचा पदार्थ सांपडला. पेशींत साखर प्रमाणाबाहेर आली कीं एक एरवीं निरुद्योगी असलेलें एन्झाइम, आल्डोज रिडक्टेज, जागें होतें व साखरेचें सॉर्बिटॉल करतें. तें पेशीबाहेर सहजीं जात नाहीं; मग भिजत घातलेल्या मनुकेप्रमाणें पेशी पाणी ओढून फुगते आणि मोतीबिंदु होतो. अमेरिकेंतील जिन किनोशिटा यांनीं ही उपपत्ति पक्की केली. नेत्रमण्यांत जें घडतें तेंच दृष्टिपटलांत घडत असणार, या आशेनें तें एन्झाइम बंद पाडणारें सॉर्बिनिल हें औषध रोग्यांना कांहीं वर्षें देऊन पाहिलें. १९९० सालीं निष्कर्ष आला: दृष्टिपटलाला उपयोग नाहीं. एकाच डोळ्यांतील दोन अवयवांचा साखरेशीं होणारा व्यवहार सारखा नसतो, एवढें त्यावरून दिसलें.

खरा निवाडा कुत्र्यांनीं केला. विस्कॉन्सिन राज्यांतील मॅडिसन येथें रॉनल्ड एंगरमन व त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्यांना मधुमेह जडवून त्यांचे दोन गट केले. एकाची साखर सैल सोडली, दुसऱ्याची कडक आंवळली, आणि पांच वर्षें वाट पाहिली. १९७७ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, आंवळलेल्या गटाचे डोळे पुष्कळ अंशीं वांचले. जॉस्लिन तोंपर्यंत वारले होते. पण टॉल्स्टॉय यांच्या पक्षाला अजून एक शंका घेण्यास जागा होती: दोष साखरेचा कीं इन्शुलिनच्या अभावाचा? १९८४ सालीं एंगरमन आणि टिमथी कर्न यांनीं निरोगी कुत्र्यांना, ज्यांचें स्वतःचें इन्शुलिन अगदीं शाबूत होतें अशांना, दुधांतल्या साखरेचा घटक जो गॅलॅक्टोज तो वर्षानुवर्षें भरपूर चारला. मधुमेह नसतांही त्यांच्या दृष्टिपटलावर हुबेहूब मधुमेहाचा विकार उमटला. साखरेचा अतिरेक एवढाच अपराधी पुरेसा होता. येगरच्या चित्रापासून मोजलें तर हें सिद्ध व्हावयास १२९ वर्षें लागलीं.

याच दोघांचा १९८७ सालचा तिसरा प्रयोग सर्वांत बोचरा आहे. मधुमेही कुत्र्यांची साखर अडीच वर्षें सैल ठेवली. तेव्हां तपासलें तर डोळे जवळजवळ स्वच्छ होते. मग पुढचीं अडीच वर्षें साखर कडकपणें आटोक्यांत ठेवली. विकार तरीही प्रकट झाला, आणि तो जणूं कांहीं मध्यें नियंत्रण झालेंच नव्हतें अशा थाटानें वाढला. डोळ्यांत कांहींही दिसत नसतांनाच दृष्टिपटलानें मागचा हिशेब लिहून ठेवला होता.

माणसांचा हिशेब मोजण्याचें साधनही याच सुमारास आलें. १९६८ सालीं तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांनीं मधुमेह्यांच्या रक्तांतील एक निराळें हिमोग्लोबिन ओळखलें; त्याला साखर चिकटलेली असते. तांबडी पेशी सुमारें चार महिने जगते, म्हणून हें हिमोग्लोबिन मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतें. त्याच्या आधारानें अमेरिका व कॅनडा येथील २९ केंद्रांत १४४१ रोग्यांवर १९८३ ते १९९३ अशी परीक्षा झाली. ज्यांचे डोळे आरंभीं निर्दोष होते, त्यांच्यांत कडक नियंत्रणामुळें दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका शेंकडा ७६ नें घटला. ज्यांना थोडा विकार होता, त्यांच्यांत तो वाढण्याचा धोका शेंकडा ५४ नें घटला. किंमतही होती: साखर एकाएकीं फार उतरून झटके येण्याचें प्रमाण तिप्पट झालें, आणि कांहींचे डोळे पहिल्या वर्षांत सुधारण्यापूर्वीं थोडे बिघडले. टॉल्स्टॉय यांची भीति अगदींच पोकळ नव्हती, हेंही नोंदविलें पाहिजे. परीक्षा संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखी झाली, तरी पूर्वीं सैल राहिलेल्यांचे डोळे पुढें कित्येक वर्षें अधिक बिघडत गेले. मॅडिसनच्या कुत्र्यांनीं सांगितलेलें माणसांतही तसेंच निघालें.

जादा साखर पेशींत शिरल्यावर नेमकें काय करते, याची एक जुळणी न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांनीं २००१ सालीं मांडली. पेशींतील ज्वलनाच्या भट्ट्या, म्हणजे मायटोकाँड्रिया, जादा इंधनानें धुमसतात व प्राणवायूचीं दाहक रूपें बाहेर टाकतात. त्यामुळें साखर मोडण्याची मुख्य वाट मध्येंच तुंबते, आणि तुंबलेला माल आजूबाजूच्या चार आडवाटांनीं वाहूं लागतो. सॉर्बिटॉलची वाट ही त्यांतलीच एक. एकच वाट बंद करून सॉर्बिनिलला यश कां आलें नाहीं, याचा उलगडा यांत मिळतो. तथापि पहिला घाव केशवाहिन्यांवर पडतो कीं मज्जापेशींवर, हा वाद संपलेला नाहीं. १९९८ सालीं बार्बर, गार्डनर प्रभृतींनीं मधुमेही उंदरांच्या व माणसांच्या दृष्टिपटलांत मज्जापेशी मरत असलेल्या दाखविल्या, आणि उंदरांत तर तें मधुमेह जडल्यावर थोड्याच काळांत.

ज्यांचा विकार पुढें गेलेला असतो त्यांच्यासाठीं जर्मनींतील मायर-श्विकेराथ यांनीं प्रकाशानें दृष्टिपटल डागण्याची कला काढली. १९४५ च्या सूर्यग्रहणांत उघड्या डोळ्यांनीं सूर्य पाहून भाजलेलें दृष्टिपटल पाहिल्यावर त्यांना ही कल्पना सुचली, आणि आरंभीं ते खरोखरच उन्हाचा झोत वापरीत. पुढें लेझर आले. १९७६ सालीं अमेरिकेंतील मोठ्या परीक्षेंत दिसलें कीं, अशा डागण्यानें दृष्टि अगदीं जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. डोळा भाजून डोळा वांचावा हें चमत्कारिक वाटतें. पण वारबुर्गचें मोजमाप आठवलें म्हणजे त्याचा अर्थ लागतो. कडेच्या असंख्य शलाकापेशी मारल्या कीं साखर व प्राणवायु यांचा खप घटतो, आणि उरलेला प्राणवायु उपाशी भागाला मिळतो. प्राणवायूच्या अभावीं पडद्यांतून कांहीं द्रव्य सुटतें व तेंच नव्या नाजूक वाहिन्या वाढवितें, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनीं १९४८ सालींच केला होता. तें द्रव्य १९९४ सालीं मधुमेह्यांच्या डोळ्यांतील द्रवांत सांपडलें, आणि आतां त्याच्यावर उतारा म्हणून डोळ्यांत टोंचण्याचीं औषधें निघालीं आहेत.

शलाकापेशींना अंधारांत सर्वांत जास्त प्राणवायु लागतो, तेव्हां मधुमेह्याला रात्रीं मंद उजेडांत झोपवावें, अशी कल्पना लंडनच्या जेफ्री आर्डन यांनीं मांडली होती. त्यावरून पापण्यांवर बांधण्याचा, रात्रभर मंद हिरवट प्रकाश सोडणारा मुखवटा तयार झाला. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत तो दोन वर्षें वापरून पाहण्यांत आला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या मुखवट्यानें दृष्टिपटलाची सूज कमी झाल्याचें दिसलें नाहीं; शिवाय बरेच रोगी तो रात्रभर तोंडावर ठेवीतच नव्हते.